कॅरमचा फळा आणि कोकणची हवा : क्रीडासाहित्याची निवड व निगा यांचा ऐतिहासिक विचार
(विशेष संदर्भ : कसाल परिसर, जि. सिंधुदुर्ग)

बीजसंज्ञा : कॅरम, क्रीडासाहित्य, कोकण, चाकरमानी, प्रमाणीकरण, आर्द्रता

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासलेखनात कुस्ती, मल्लखांब, कबड्डी, खो-खो व क्रिकेट यांना जेवढे स्थान मिळाले, त्याच्या शतांशानेही कॅरमला मिळालेले नाही. वास्तविक चाळ, वाडी, वसतिगृह, पोलीस चौकी, गणेशोत्सवाचा मंडप, महाविद्यालयाची जिमखान्याची खोली अशा सर्व ठिकाणी आढळणारा हा एकमेव खेळ असावा. या उपेक्षेचे एक कारण उघड आहे. मैदानी खेळांना संस्था लाभल्या आणि संस्थांनी कागद जपले. कॅरम घरात व खोलीत वाढला, त्यामुळे त्याच्या प्रारंभीच्या काळाविषयी लेखी साधने तुटपुंजी राहिली. अशा परिस्थितीत प्रत्यक्ष वस्तू, म्हणजे फळा, सोंगट्या, स्ट्रायकर व पावडर, हेच इतिहासाचे साधन मानावे लागते. ही वस्तू कशाची बनली, कोणी निवडली, कशी टिकवली आणि कशामुळे बिघडली, या प्रश्नांतून खेळाचा सामाजिक इतिहास कितपत उलगडतो, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी कुडाळ तालुक्यातील कसाल हा परिसर समोर ठेवला आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, ते हे नाक्याचे गाव. समुद्र येथून दिसत नाही, परंतु समुद्राची हवा घराघरात असते, आणि पुढील विवेचनात या हवेलाच मुख्य स्थान आहे.

सरकत्या चकत्यांचे कुळ

गुळगुळीत पृष्ठभागावरून चकती सरकवून नेम साधण्याचे खेळ अनेक संस्कृतींत आढळतात. इंग्लंडमधील मद्यगृहांत लांब मेजावर नाणी सरकवण्याचा खेळ ट्यूडर राजवटीत लोकप्रिय होता. पुढे शफलबोर्ड या नावाने त्याची मोठी आवृत्ती प्रवासी जहाजांच्या डेकवर खेळली जाऊ लागली. 1913 च्या सुमारास अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डेटोना बीच येथे ती जमिनीवर उतरली व 1924 मध्ये त्याच राज्यातील सेंट पीटर्सबर्ग येथे तिचा क्लब स्थापन झाला. कॅनडातील क्रोकिनोल या खेळाचा ज्ञात असलेला सर्वांत जुना फळा 1876 चा आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात लडिंग्टन येथील हेन्री हॅस्केल यांनी 1890 च्या दशकात कोपऱ्यांना जाळ्या असलेला एक फळा तयार केला व ‘कॅरम्स’ या नावाने त्याचे उत्पादन सुरू केले.

भारतीय कॅरमचे या फळ्याशी नाते काय, हा प्रश्न वादग्रस्त आहे. पतियाळाच्या राजवाड्यातील काचेच्या फळ्याचा दाखला देऊन खेळाचे मूळ भारतीय असल्याचे सांगितले जाते. तथापि एका राजवाड्यातील वस्तूवरून लोकखेळाचा उगम सिद्ध होत नाही. निर्विवाद एवढेच की, पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकांत हा खेळ भारतात व श्रीलंकेत झपाट्याने पसरला, 1956 मध्ये अखिल भारतीय कॅरम महासंघ स्थापन झाला आणि 1988 मध्ये चेन्नई येथे आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली. उगमाचा अभिमान बाजूला ठेवला, तर अधिक महत्त्वाची गोष्ट दिसते. या कुळातील प्रत्येक खेळापुढे एकच तांत्रिक अडचण होती, ती घर्षणाची. चकती कितपत सरकावी आणि ती रोज तेवढीच कशी सरकावी, याचे उत्तर प्रत्येक प्रदेशाने आपापल्या हवेनुसार शोधले. शफलबोर्डच्या काँक्रीटच्या पट्ट्यावर लेप व मेण आले, नंतर काचेचे सूक्ष्म मणी आले. मेजावरील शफलबोर्डचा लाकडी पाट दमटपणाने वाकतो म्हणून त्याच्या खाली लोखंडी दांडे व आटे बसवण्याची पद्धत रूढ झाली. ऋतू बदलला की आटे फिरवून पाट पुन्हा हव्या त्या वळणावर आणता येतो. कॅरमच्या फळ्याला अशी कोणतीही सोय नाही. तो वाकला की वाकला.

सावंतवाडीचे उदाहरण

कोकणात खेळाच्या साहित्यावर दमट हवेचा इलाज शोधण्याची परंपरा मात्र कॅरमपेक्षा जुनी आहे. कसालच्या दक्षिणेस असलेल्या सावंतवाडीत संस्थानिकांच्या आश्रयाने गंजिफा व लाखकामाची कला वाढली. दशावतारी गंजिफाच्या 120 गोल पानांच्या संचात दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगाची बारा पाने असतात. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, घोटायचे, रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा, अशी ही प्रक्रिया होती. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ लोप पावली असता शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी कारागिरांना पुन्हा उभे केले.

येथे लाखेचे कार्य केवळ शोभेचे नव्हते. पावसाळ्यात कागद ओला होऊन पान फुगले, तर ते पाठीवरून ओळखू येईल आणि खेळ खोटा होईल. लाखेने पान बंद केले जाई. म्हणजे चितारी कारागिराला साहित्याची निगा ही वस्तू घडवतानाच करावी लागे. कॅरमच्या बाबतीत ही जबाबदारी घडवणाऱ्याकडून खेळणाऱ्याकडे सरकली. या फरकाची नोंद क्रीडा-अभ्यासकांनी फारशी घेतलेली दिसत नाही. लाखेच्या जाड लेपावर दमट हवेत सोंगटी चिकटल्यासारखी होते, म्हणून सावंतवाडीचा उपाय येथे जसाच्या तसा चालणारा नव्हता. फळ्याचा पृष्ठभाग पातळ लेपाचा आणि जवळजवळ उघडा ठेवावा लागतो. उघडे लाकूड हवेतील पाणी घेते व सोडते, आणि त्याबरोबर फुगते व आकसते.

प्रमाणीकरण आणि त्यामागील गृहीतके

महासंघाच्या नियमांनी साहित्याची मोजमापे निश्चित केली. खेळाचा पृष्ठभाग 73.5 ते 74 सें.मी. बाजूचा चौरस असावा, प्लायवूड किमान 8 मि.मी. जाडीचे असावे, कोपऱ्यातील भोकाचा व्यास 4.45 सें.मी. असावा. सोंगटी लाकडी, 3.02 ते 3.18 सें.मी. व्यासाची, 7 ते 9 मि.मी. जाडीची व 5 ते 5.5 ग्रॅम वजनाची असावी. स्ट्रायकरचा व्यास 4.13 सें.मी. पेक्षा व वजन 15 ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, आणि तो धातूचा नसावा. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या व एक राणी, पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड यांवर डावाचा निकाल, ही चौकट आज सर्वत्र मान्य आहे.

या आकड्यांत एक कसोटी विशेष बोलकी आहे. 15 ग्रॅमचा स्ट्रायकर जोराने मारला असता त्याने समोरासमोरच्या कडांवर आपटत फळ्याच्या किमान साडेतीन फेऱ्या केल्या पाहिजेत. साडेतीन वेळा 74 सें.मी. म्हणजे अडीच मीटरहून थोडे अधिक अंतर, तेही तीन वेळा कडेवर आपटून. ही कसोटी एकाच वेळी पृष्ठभागाची, कडांच्या लाकडाची व पावडरीची परीक्षा घेते. परंतु ती कोणत्या हवेत घ्यावयाची, हे त्यात अभिप्रेत नाही. डिसेंबरमध्ये पुण्यात उत्तीर्ण होणारा फळा जुलैमध्ये कसालला अनुत्तीर्ण होऊ शकतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मि.मी. पेक्षा अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शेतीची कामे ओसरल्यावर बैठ्या खेळाला वेळ मिळण्याचा व गणेशोत्सवाच्या स्पर्धा भरण्याचा काळही याच मोसमात येतो. नियमांनी कोरडी हवा गृहीत धरली आणि किनाऱ्यावरील खेळाडूने त्याची किंमत मोजली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

प्लायवूड या पदार्थाची निवडच मुळात या अडचणीवरील उत्तर होती. अखंड फळी रेषांना आडव्या दिशेने अधिक फुगते. प्लायमध्ये एकाआड एक थरांच्या रेषा काटकोनात ठेवलेल्या असल्याने एक थर दुसऱ्याला आवरून धरतो. उत्तम फळ्यांसाठी बर्च या थंड प्रदेशातील झाडाचे प्लाय वापरले जाते व बाजारात त्याला ‘इंग्लिश प्लाय’ म्हणण्याची रीत आहे. त्याचे थर पातळ व एकसारखे असतात, त्यामुळे पृष्ठभाग घट्ट लागतो. चौकटीला मात्र जड व चिवट देशी लाकूड लागते. शिसव किंवा बाभळीच्या जातीचे लाकूड असले की स्ट्रायकर जिवंतपणे परततो, आंब्याच्या लाकडाची चौकट आघात गिळून टाकते. स्वस्त फळ्यांत नेमकी हीच काटकसर केलेली असते, आणि विकत घेताना ग्राहकाचे लक्ष बहुधा पृष्ठभागाच्या चकाकीवरच असते.

गिरणगावातून गावाकडे

सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. त्यापूर्वी हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि दोन्ही काळांत त्याची अर्थव्यवस्था मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी होती. लालबाग, परळ, करी रोड या भागांत गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या सामायिक खोल्या असत. पाळीपाळीने गिरणीत जाणारे आणि पाळीपाळीने झोपणारे पुरुष तेथे राहत. ज्या खोलीत आठ फूट मोकळी जागा मिळणे दुरापास्त, तेथे अडीच फुटांचा चौरस व चार खेळाडू एवढीच गरज असणारा खेळ रुजला, यात नवल नाही. फळा पिंपावर किंवा स्टुलावर ठेवायचा, वर पत्र्याच्या टोपीचा दिवा खाली ओढून घ्यायचा, खेळ संपला की फळा भिंतीशी उभा करायचा आणि त्याच जागी अंथरूण घालायचे. साहित्याच्या आकाराने येथे खेळाची निवड केली, असे म्हणता येईल. या सामायिक खोल्यांतील कॅरम पुरुषांचा होता. घराच्या ओसरीवर मात्र मुली व स्त्रियाही खेळत, आणि पुढे महिलांच्या स्पर्धांत महाराष्ट्राला खेळाडू मिळाल्या त्याची पूर्वपीठिका या ओसरीत शोधावी लागेल.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हे जग विस्कटले. अनेक कामगार गावी परतले. कोकणातील खेड्यांत कॅरमचा प्रसार केवळ संपामुळे झाला असे प्रतिपादन करणे चुकीचे ठरेल, कारण चाकरमानी त्यापूर्वीही दर गणपतीला येत होते व येताना शहरातील वस्तू आणत होते. तथापि मंडळाची संघटना, वर्गणी, बाद पद्धतीची स्पर्धा व चषक ही सर्व रचना गिरणगावातील आहे आणि ती फळ्याबरोबर गावात आली, हे मान्य करावयास हवे. एस.टी.च्या टपावर बांधून आणलेला फळा आणि 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाल्यावर डब्यात उभा करून आणलेला फळा, यांत निगेच्या दृष्टीने फरक होता. टपावरच्या फळ्याला पहिल्याच प्रवासात ऊन, धूळ व पाऊस यांचा प्रसाद मिळे.

स्ट्रायकर : हस्तिदंत ते ॲक्रिलिक

साहित्याच्या निवडीत नैतिक व कायदेशीर प्रश्न कसा शिरतो, याचे ठळक उदाहरण स्ट्रायकरचे आहे. जुन्या पिढीतील नामांकित खेळाडूंकडे हस्तिदंती स्ट्रायकर असे व त्याचा अभिमानही असे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये आला. 1986 च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही देशांतर्गत व्यापार बंद झाला. दरम्यान 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर हस्तिदंताच्या व्यापारास मनाई करण्याचा निर्णय झाला होता. ॲक्रिलिक व तत्सम कृत्रिम पदार्थांनी ती जागा घेतली.

हा बदल खेळाच्या दृष्टीने तटस्थ नव्हता. 15 ग्रॅम वजन व 4.13 सें.मी. व्यास गृहीत धरून गणित केले, तर हस्तिदंताची घनता साधारण 1.8 असल्याने स्ट्रायकर सुमारे 6 मि.मी. जाडीचा होतो, तर 1.18 घनतेच्या ॲक्रिलिकचा सुमारे साडेनऊ मि.मी. जाडीचा. वजन तेच, परंतु बोटाखालची उंची दीडपट. नखाने की बोटाच्या बाजूने मारायचे, कात्रीसारखी पकड धरायची की नाही, हे काही अंशी या जाडीवर अवलंबून असते. जुन्या खेळाडूंची ‘हातात बसत नाही’ ही तक्रार निव्वळ स्मरणरंजन नसावी. मात्र हत्तीच्या दातावर उभ्या असलेल्या कौशल्याची हळहळ किती करावी, यालाही मर्यादा आहे. ॲक्रिलिकमुळे शाळकरी मुलाच्या हाती प्रमाणित स्ट्रायकर आला. 1996 च्या अर्जुन पुरस्काराने गौरविलेले व दोनदा विश्वविजेते ठरलेले मारिया इरुदयम यांची कारकीर्द या संक्रमणाच्या काळातच घडली.

निवडीचा अनुभवसिद्ध नियम साधा आहे. हलका स्ट्रायकर नाजूक कटला बरा, परंतु दमट फळ्यावर तो मध्येच मरतो. म्हणून कोकणात पावसाळ्यात कमाल वजनाच्या जवळचा स्ट्रायकर पसंत केला जाणे स्वाभाविक आहे. कडेला टवका उडालेला स्ट्रायकर तर कोणत्याच ऋतूत ठेवू नये. तो सोंगटीला तिरका धक्का देतोच, शिवाय फळ्यावर ओरखडेही पाडतो, आणि पडलेला ओरखडा पावडरीने बुजत नाही.

पावडर : एका पांढऱ्या पदार्थाचे स्थान

घरोघरी कधी अंगाला लावायची पावडर, म्हणजे मूलतः शंखजिरे, तर कधी बोरिक पावडर वापरली गेली. स्पर्धात्मक खेळात बोरिक पावडर रूढ झाली, याचे कारण तिच्या स्फटिकरचनेत आहे. बोरिक आम्लाचे स्फटिक पापुद्र्यांसारख्या थरांचे असतात. थरातील अणू एकमेकांना घट्ट धरतात, पण थराथरांमधील ओढ दुर्बळ असते, त्यामुळे एक थर दुसऱ्यावरून सहज घसरतो. ग्राफाइटच्या वंगणगुणाचे कारणही असेच आहे. ज्या टाकणखारापासून बोरिक आम्ल बनवता येते, तो लडाखमधील पुगा खोऱ्यातून पूर्वी व्यापाऱ्यांच्या हाती येत असे आणि सोनार व वैद्य दोघांनाही तो परिचित होता. त्याच कुळातील पदार्थ पुढे मुलांच्या खेळात येऊन बसला, हा वस्तूंच्या इतिहासातील एक गमतीदार योग होय.

दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात. गुठळी फळ्यावर टाकून स्ट्रायकरने चिरडण्याची सवय सर्रास दिसते, ती वाईट आहे. पावडर वस्त्रगाळ करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून, चिमटीने व पातळ पसरावी लागते. अधिक टाकली तर सोंगटीपुढे तिचा बांध साचतो आणि वेग उलट घटतो. खेळानंतर ती कोऱ्या सुती फडक्याने पूर्ण पुसून काढावी, ओल्या फडक्याने कदापि नाही. पावडर फुंकून उडवण्याची सवयही सोडलेली बरी, कारण हा पदार्थ श्वासातून किंवा पोटात जाण्याजोगा नाही. लहान मुलांच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष हवे.

निगेची गावठी पद्धत

निगेविषयीचे ज्ञान या परिसरात लिहिले गेले नाही, ते हाताळणीतून पुढे गेले. त्यातील काही भाग शास्त्रशुद्ध आहे, काही नाही. पावसाळ्यात फळा चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवण्याची कल्पना पहिल्या गटातील. तेथे हवा कोरडी राहते व धुरामुळे कीड लागत नाही, फक्त पृष्ठभाग कापडात गुंडाळलेला असावा, अन्यथा काजळी बसते. सादळलेला फळा थेट उन्हात टाकणे दुसऱ्या गटातील. एक बाजू आधी सुकते, ती आकसते आणि फळा वाटीसारखा होतो. सावलीत, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा उभा ठेवून दोन-तीन दिवस सुकवणे हाच योग्य मार्ग. भिंतीला टेकवताना मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीची ओल लागू नये म्हणून मध्ये पट्टी ठेवावी. एकावर एक आडवे रचून ठेवलेले फळे मध्यभागी बसतात, आणि महाविद्यालयांच्या जिमखान्यांत ते बहुधा असेच रचलेले आढळतात.

मध्य बसला आहे काय, हे पाहण्यासाठी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरावा. दोरा व फळा यांत मध्यभागी फट दिसली, तर सोंगट्या आपोआप वर्तुळाकडे ओढल्या जातील. मग कितीही पावडर घालून उपयोग नाही, मागील बाजूस आडव्या पट्ट्या मारून घ्याव्या लागतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर लोखंडी स्टँड क्वचितच समपातळीत राहतो. तेव्हा गवंड्याची पाणसळ आणून पायाखाली चिपा सारणे हा गावोगावचा रिवाज स्पर्धेच्या पंचांनीही स्वीकारण्यासारखा आहे.

फळा एक दस्तऐवज

शेवटी एका साधनाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कोकणातील अनेक मंडळांच्या जुन्या फळ्यांच्या चौकटीवर वा पाठीवर रंगाने ‘सप्रेम भेट’ लिहिलेले असते, त्याखाली देणाऱ्याचे नाव, मुंबईतील मुक्काम व सन. स्थलांतर, दातृत्व व मंडळाचे वय यांची ही सहीशिक्क्याची नोंद असते. लेखाखेरीज लाकूडही बोलते. बेसलाइनच्या कोणत्या भागावरील रंग अधिक झिजला आहे, यावरून उजव्या हाताच्या खेळाडूंची बैठक कळते. भोकाच्या कोणत्या ओठाला खड्डा पडला, यावरून सरळ मार अधिक की कडेवरून परतवलेला, हे कळते. फळ्याच्या पाठीवर नंतर ठोकलेल्या पट्ट्या किती आणि कोणत्या लाकडाच्या, यावरून त्याने किती पावसाळे काढले याचा अंदाज बांधता येतो.

असे फळे सध्या माळ्यावर, देवळाच्या भांडारात वा शाळेच्या अडगळीत आहेत. घर नव्याने बांधताना ते प्रथम जळणात जातात, कारण वाळलेली शिसवी चौकट चांगली पेटते. कसाल ते कट्टा, चौके या रस्त्यालगतच्या वाड्यांत पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांकडून एका सुट्टीत त्यांची यादी करून घेणे अशक्य नाही. त्यासाठी मोजपट्टी, दोरा, कॅमेरा व चौकटीची पाठ पुसण्यासाठी एक कोरडे फडके एवढेच साहित्य लागेल.